क्लिनिकल प्रोफाइलचा कारखाना

महाराष्ट्रातल्या कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जा आणि बालरोग विभागाचे जुने थिसिस दाखवा म्हणा. आधी कपाटाची किल्ली शोधावी लागेल. ती सापडलीच, तर रेक्झिनच्या बांधणीवर सोनेरी अक्षरांत एकच वाक्य वर्षानुवर्षं रांगेत उभं दिसेल: अमक्या रुग्णालयाच्या बाल अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या तमक्या आजाराच्या मुलांचा ‘क्लिनिकल प्रोफाइल अँड आउटकम’. आजार बदलतो, वर्ष बदलतं, गाइडचं नाव बदलतं. रुग्णसंख्या पन्नास, नाहीतर साठ, फार झालं तर शंभर. निष्कर्ष ठरलेला: लवकर निदान होऊन लवकर उपचार मिळाले तर मुलं जास्त वाचतात. हे आमच्या वॉर्डातल्या मावशीही सांगतात, आणि त्यासाठी त्यांनी तीन वर्षं घालवलेली नसतात.

मी याच कारखान्यात नोकरी करते, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. रेसिडेंट पहिल्या सहा महिन्यांत सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, देतो. व्हेंटिलेटरचा कुठला अलार्म कशासाठी वाजतोय हेही तेव्हा त्याला नीट उमगलेलं नसतं. पण पुढची अडीच वर्षं विज्ञानातला कोणता प्रश्न सोडवायचा, हे मात्र त्याने ठरवलेलं असतं. खरं तर सीनियरने ठरवलेलं असतं. फाइल पेनड्राइव्हवर येते, आजाराचं नाव तेवढं बदलायचं. मुखपृष्ठावर ‘प्रॉस्पेक्टिव्ह’ छापतात आणि परीक्षा तोंडावर आली की रेकॉर्ड रूममध्ये मागच्या वर्षांचे केस पेपर उकरायला बसतात. कुठे लॅक्टेट सापडत नाही, कुठे मुलाचं वजनच लिहिलेलं नसतं. मग आकडे ‘मॅनेज’ होतात. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बांधणीबरोबर स्टॅटिस्टिक्सही करून मिळतं, आणि पी व्हॅल्यू ०.०५च्या खाली आणून, म्हणजे निष्कर्ष ‘ठोस’ ठरवून, देण्याची तिथे जवळजवळ हमी असते. त्या दुकानदाराच्या हातून कधी नकारार्थी निष्कर्ष निघालेला मी पाहिलेला नाही.

यावर उपाय म्हणून आयसीएमआरच्या चेन्नईतल्या संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन बेसिक कोर्स सक्तीचा झाला. कोर्स वाईट नाही. पण आमचा रेसिडेंट तो ड्यूटी रूममध्ये, मोबाइलवर, दीडपट वेगाने, एक कान मॉनिटरकडे ठेवून बघतो आणि प्रमाणपत्राची प्रिंट काढून फाइलला लावतो. शिक्षकांची गत याहून बरी नाही. पदोन्नतीसाठी शोधनिबंध लागतात. लागतात म्हटल्यावर ते निघतात. पैसे भरून छापणारी नियतकालिकं आहेत, एकमेकांची नावं घालण्याचा शेजारधर्म आहे. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचा दहा वर्षांचा हिशोब मांडला, तेव्हा त्यातल्या ३३२ संस्थांच्या नावावर २००५ ते २०१४ या काळात एकही शोधनिबंध निघाला नाही. यातल्या अनेक संस्थांमधून दरवर्षी सक्तीचे थिसिस बांधून बाहेर पडत होते. मग हे सगळं कागदकाम कुठे गेलं? त्याच कपाटात, ज्याची किल्ली सापडत नाही.

कोणी म्हणेल, थिसिस रद्दी असेना का, मुलं तर बरी होताहेत. बाल अतिदक्षतेत, म्हणजे पीआयसीयूत, हा युक्तिवाद टिकत नाही. कारण इथे आम्ही रोज जे करतो त्यातलं बरंचसं दुसऱ्या देशांतल्या, दुसऱ्या आजारांच्या, चांगल्या वजनाच्या मुलांवरून ठरलेलं आहे.

चांदीपुराचं उदाहरण घ्या. १९६५ साली नागपूरजवळच्या या गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, एक नवा विषाणू वेगळा काढला. गावाचं नाव त्याला कायमचं चिकटलं. पुढे बरीच वर्षं तो प्रयोगशाळेतली एक नोंद होऊन राहिला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ गेली, आणि गुन्हेगार म्हणून नाव निघालं ते आपल्या चांदीपुराचं. नंतर त्याने गुजरातेत आणि विदर्भातही मुलं नेली. २०२४ च्या पावसाळ्यात पुन्हा गुजरात: जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशभरात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ मृत्यू झाले, आणि ६४ जणांत चांदीपुरा सिद्ध झाला, त्यातले बहुतेक गुजरातेतले. सकाळी ताप आलेलं मूल दुसऱ्या दिवशी हातातून गेलेलं असतं, असा हा आजार.

विषाणू सापडून साठ वर्षं झाली. त्यावर सिद्ध झालेलं औषध नाही, लस नाही. ते एक वेळ समजू शकते. विषाणूंवर औषधं सहजी मिळत नाहीत. पण खाटेवरचे प्रश्न? झटके येत असलेल्या, रक्तदाब पडत असलेल्या त्या मुलाला पहिल्या दोन तासांत किती सलाइन द्यायचं? मेंदूवरची सूज उतरवायला मॅनिटॉल की हायपरटॉनिक सलाइन? श्वासनळीत नळी कधी टाकायची? या प्रश्नांना महागडी प्रयोगशाळा लागत नाही; मूल दाखल झाल्याच्या क्षणापासून शिस्तीने नोंद करणारा आणि आधीपासून तयारी करून बसलेला एक डॉक्टर लागतो. या विषाणूला शास्त्रज्ञ मिळाले, त्या मुलांना डॉक्टर मिळाले. दोन्ही एकाच अंगी असलेला माणूस मात्र आपण घडवलाच नाही. साथ आली की पथकं येतात, नमुने बर्फात घालून नेतात, विषाणू पसरवणारी वाळूमाशी मारायला फवारणी होते, आणि पाऊस ओसरला की आम्ही पुन्हा ‘क्लिनिकल प्रोफाइल’ लिहायला घेतो.

हे आपल्याकडे होऊच शकत नाही असंही नाही. मॅनिटॉल की हायपरटॉनिक सलाइन, या प्रश्नावर चंडीगडच्या पीजीआयने मेंदूच्या संसर्गाच्या मुलांवर रीतसर चाचणी केली आणि २०२० मध्ये छापली. त्यात हायपरटॉनिक सलाइन सरस ठरलं. सेप्टिक शॉकमधल्या मुलाला सलाइनचा बोलस, म्हणजे एका वेळचा ठरावीक डोस, पाच-दहा मिनिटांत ढकलायचा की पंधरा-वीस मिनिटांत सावकाश द्यायचा, हा प्रश्न दिल्लीच्या एम्सने घेतला. सावकाश दिलेल्या मुलांत व्हेंटिलेटरची गरज कमी पडली. २०१७ चा तो निबंध. सलाइन आणि घड्याळ, एवढ्यावर उभा राहिलेला प्रश्न. आमच्या राज्यातल्या कुठल्याही पीआयसीयूत तो विचारता आला असता.

आता सलाइनचा विषय निघालाच आहे तर फीस्टबद्दल बोलू, कारण ज्याला ही चाचणी ठाऊक नाही त्याने मुलांच्या अतिदक्षतेवर मत देऊ नये. शॉकमधलं मूल आलं की वजनाच्या किलोमागे वीस मिलिलिटर सलाइन झटपट द्या, लागलं तर पुन्हा द्या, हे आमच्या पिढीला पाढ्यांसारखं पाठ करायला लावलं होतं. आफ्रिकेत काम करणाऱ्या कॅथरिन मेटलंड यांनी विचारलं, याला पुरावा काय? केनिया, युगांडा आणि टांझानियातली सहा रुग्णालयं, बहुतेक ठिकाणी व्हेंटिलेटरचं नाव नाही. ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेली ३,१४१ मुलं तीन गटांत चिठ्ठ्या टाकून विभागली: एकाला अल्ब्युमिनचा बोलस, एकाला सलाइनचा, तिसऱ्याला बोलस नाही. ४८ तासांत पहिल्या दोन गटांत १०.६ आणि १०.५ टक्के मुलं दगावली. तिसऱ्यात ७.३ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली आणि २०११ मध्ये निकाल छापून आला तेव्हा जगभरचे अतिदक्षतातज्ज्ञ वर्षभर एकमेकांवर खेकसत होते. आम्ही जीव वाचवतोय असं समजून जे करत होतो, त्याने शंभरामागे तीन मुलं जास्त मरत होती. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, अतिदक्षता विभाग नसेल आणि रक्तदाब पडलेला नसेल तर बोलस देऊ नका, असं लिहिलं गेलं ते यामुळे.

यात आमचा वाटा काय? आम्ही ते पीपीटीवर दाखवलं. फीस्टमधल्या निम्म्याहून अधिक मुलांना मलेरिया होता. आमच्याकडे डेंग्यूचा शॉक आहे, स्क्रब टायफस आहे, तीव्र कुपोषणावर चढलेला सेप्सिस आहे, फुरशाचा दंश आहे, शेतातलं कीटकनाशक प्यायलेली पोरं आहेत. केनियाचा निष्कर्ष इथे लागू करायचा की अमेरिकेचा? दोन्हीकडे आमचं मूल नाही. हे शोधायचं काम ज्यांचं, ते रेकॉर्ड रूममध्ये वजन शोधताहेत.

एवढं बोललं की परिषदेतलं कोणीतरी हमखास उठतं. ‘मॅडम, इच्छा असेल तर मार्ग सापडतो. बावस्कर सरांनी महाडला बसून लॅन्सेटमध्ये पेपर लिहिले ना!’

लिहिले. १९७६ साली हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा कोकणात लाल विंचू चावलेली मुलं तोंडाला गुलाबी फेस येऊन मरत होती. त्यांनी खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडत जाणारे हातपाय टिपून ठेवले. विषाने शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो आणि हृदय व फुप्फुसं त्यात बुडतात, हे ओळखलं. १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये लक्षणांवरचा निबंध, १९८६ मध्ये प्राझोसिनवरचा. प्राझोसिन म्हणजे रक्तदाबाची स्वस्तातली गोळी. एकेकाळी दर चार गंभीर रुग्णांमागे एखादा तरी दगावायचा, तिथे मृत्यू अगदी थोडे उरले. एवढ्यावर न थांबता प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर काय होतं, याची रीतसर चाचणी करून त्यांनी ती २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. मुलांच्या अतिदक्षतेत महाराष्ट्राने जगाला दिलेली याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही, आणि ती अतिदक्षता विभाग नसलेल्या जागेतून आली.

पण या माणसाचं नाव ज्या कामासाठी वापरलं जातं त्याची मला चीड येते. लॅन्सेटमधल्या पहिल्या निबंधानंतर पद्मश्री यायला चाळीस वर्षं लागली. त्या चाळीस वर्षांत शासनाने अशा दहा डॉक्टरांना सलग एक वर्ष नोंदी ठेवायला मोकळीक दिली असती तर फुरशाचं, कीटकनाशकाचं, डेंग्यूचं काय झालं असतं? ते केलं नाही. त्याऐवजी बावस्करांची गोष्ट प्रेरणादायी भाषणात सांगायला घेतली. एका माणसाने व्यवस्थेच्या नाकावर टिच्चून काम केलं, हे त्या व्यवस्थेचं प्रशस्तिपत्र कसं होतं? गडचिरोलीच्या बंग दांपत्याचंही असंच करतात. १९९९ मध्ये त्यांनी गावातल्या बायकांच्या हातून नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आणून दाखवले, ते लॅन्सेटने छापलं. पण त्याआधी दोघे जॉन्स हॉपकिन्सला जाऊन संशोधनाची पद्धत शिकून आले होते, आणि परतल्यावर त्यांनी स्वतःची संस्था उभारली. हा तपशील भाषणात गळतो. शिक्षण, संस्था आणि वेळ हे बाजूला काढलं की त्याग तेवढा उरतो, आणि त्यागाला बजेटमध्ये तरतूद लागत नाही.

ढाक्याकडे बघा. मोहम्मद जोबायर चिश्ती हा तरुण डॉक्टर सिल्हेटच्या वॉर्डात न्यूमोनियाने मुलं मरताना बघत होता. पुढे शांपूच्या रिकाम्या बाटलीतून बबल सीपॅप, म्हणजे पाण्यात बुडबुडे काढत फुप्फुसांवर हलका दाब ठेवणारा ऑक्सिजन, देण्याची त्याची चाचणी २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. साध्या ऑक्सिजनवरच्या ६७ मुलांपैकी १० दगावली, बबल सीपॅपवरच्या ७९ पैकी ३. बाटलीचे फोटो आपल्याकडे सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर फिरवले. बाटलीमागे आयसीडीडीआर-बी नावाची संस्था उभी होती, जिथे संशोधन करणं ही डॉक्टरची नोकरीच आहे, हे फॉरवर्ड करायचं राहून गेलं.

अमेरिकेचं कौतुक करायची मला हौस नाही. तिथेही १९७९ मध्ये जेम्स वाइनगार्डन यांनी संशोधक डॉक्टर ही नामशेष होत चाललेली जात आहे अशी ओरड केली होती, आणि १९८० च्या दशकात एकूण डॉक्टरांत ४.७ टक्के असलेली ही मंडळी पुढे दीड टक्क्यावर आली. पण त्यांनी ओरडून झाल्यावर काहीतरी केलं. मुलांच्या अतिदक्षतेपुरता एक राष्ट्रीय कार्यक्रम त्यांनी २००४ च्या सुमारास सुरू केला. सूत्रं युटा विद्यापीठाकडे, पैसा सरकारच्या बालआरोग्य संशोधन संस्थेचा. देशभरातून मोजके तरुण अतिदक्षतातज्ज्ञ निवडायचे आणि त्यांना संशोधक म्हणून घडवायचं. त्यातली एक अट मला आमच्या मंत्रालयाच्या दारावर चिकटवावीशी वाटते: निवडलेल्या डॉक्टरचा ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवायचा, आणि तसं त्याच्या विभागप्रमुखाने लिहून द्यायचं. राउंड, ड्यूटी, शिकवणं, सगळं उरलेल्या पाव वेळात. तिथेही त्या वेळेवर डल्ला पडतो, पण चोरी व्हायला आधी तिजोरीत काहीतरी असावं लागतं.

अशा माणसांच्या जाळ्यातून काय निघतं? हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या मुलांचं शरीर थंड ठेवलं तर मेंदू वाचतो का, याची ३८ रुग्णालयांत मिळून झालेली चाचणी, २०१५ ची. सहा वर्षांच्या आसपास खपून उत्तर मिळालं: ठोस फायदा दिसत नाही. असं ‘नाही’ मिळवायला पैसा ओतणारा देश आणि ‘नाही’ आलं तर थिसिस नापास होईल म्हणून झेरॉक्सच्या दुकानात जाणारा देश, यांची तुलना जीडीपीवरून करू नये. अर्थात जीडीपीही सांगून टाकते: संशोधनावर आपण त्याच्या ०.६४ टक्के खर्च करतो, सगळी शास्त्रं मिळून.

आक्षेप मला तोंडपाठ आहेत. इथे एका नर्सकडे सहा मुलं असताना डॉक्टरला मोकळं कसं सोडायचं? सगळ्यांना सोडा असं कोण म्हणतंय? विभागात एकाला सोडा. फेलोशिप नाहीत का? आहेत, चांगल्या आहेत. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्स २००८ पासून डॉक्टरांनाही पगारासकट संशोधनाची संधी देते. पण अर्ज लिहायलाच दोन महिने लागतात, आणि आमच्याकडे दोन महिने फक्त बाळंतपणात मिळतात.

माझ्या हाताखालच्या एका रेसिडेंटने सिनॉप्सिसच्या वेळी खरा प्रश्न आणला होता. डेंग्यूच्या शॉकमधून मूल बाहेर येत असताना सलाइन नेमकं कधी थांबवायचं. फुप्फुसाच्या सोनोग्राफीत त्याची चाहूल आधी लागते का. त्यासाठी दर सहा तासांनी, रात्रीसुद्धा, प्रोब धरणारा कोणी हवा होता, आणि मशिन रेडिओलॉजीच्या कुलपाबाहेर हवं होतं. वरिष्ठांनी तिला प्रेमाने समजावलं, ‘बाळा, तुला पास व्हायचंय ना?’ तिने डेंग्यूचा क्लिनिकल प्रोफाइल लिहिला. उत्तम गुणांनी पास झाली. आज ती एका कॉर्पोरेट रुग्णालयात आहे, हुशारीने काम करते, आणि तिथे तिला प्रश्न पडलेले कोणाला नको असतात.

एक गोष्ट तर कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. आमच्या संशोधनाचा क्षण रात्री दोन वाजता येतो. मूल निळं पडतंय, आई पदर तोंडात धरून उभी आहे, बाप एसटीने पोचायचाय. तिच्याकडून चाचणीसाठी संमती कशी मागायची? आठ पानी फॉर्म वाचून दाखवायचा? फीस्टने आधी तोंडी होकार आणि मूल सावरल्यावर सविस्तर लेखी संमती असा मार्ग काढला, त्यावरही नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी खूप काथ्याकूट केला, आणि तो व्हायलाच हवा होता. हे बोलायला शिकावं लागतं, कोणाच्या तरी मागे उभं राहून, अनेक रात्री. आमच्या एथिक्स कमिट्या फॉर्मचा मराठी अनुवाद जोडलाय की नाही एवढंच बघतात, आणि तो अनुवाद मला दोनदा वाचूनही कळत नाही.

मला काय हवंय ते सांगते; शिष्टमंडळ नेऊन झालं आहे. एम.डी.चा सक्तीचा थिसिस बंद करा. ज्याला संशोधन करायचंच नाही त्याला खोटं बोलायला शिकवून कोणाचं भलं होत नाही. त्या वेळात तो दोन मुलं जास्त नीट बघेल. ज्याला करायचंय त्याला एक जादा वर्ष द्या, पगार द्या, रात्रपाळीतून सोडवा. प्रत्येक सरकारी पीआयसीयूत संशोधनासाठी एक नर्स आणि नोंदी ठेवणारा एक माणूस मंजूर करा. पदोन्नतीला निबंध मोजू नका, एखादा प्रश्न पाच वर्षं धरून ठेवला का ते विचारा. पहिल्या मागणीवर मला एका अधिकाऱ्याने सांगितलं की थिसिस बंद केला तर संशोधन बंद पडेल. ते गंभीरपणे बोलत होते.

आमच्याकडे येत्या रविवारी ‘रिसर्च मेथडॉलॉजी’वर एक दिवसाची कार्यशाळा आहे. रविवार यासाठी, की बाकीच्या दिवशी वॉर्डातून रेसिडेंट सोडता येत नाहीत. शनिवारची नाइट करून येणाऱ्यांनाही हजेरी सक्तीची आहे.